दाणे टाकणारी मुलगी

हालोल मागे पडलं, सागाची झाडं सुरू झाली आणि विहंगने गाडी हळू केली. उन्हाळ्यामुळे सागाला एक पान नव्हतं. जंगल नुसतं काठ्यांचं दिसत होतं.

"आई, शेवटचं विचारतो," तो म्हणाला. "नुसते फोटो काढून चालणार नाही का? मी कॅमेरा आणलाय. चारी बाजूंनी काढतो. हवं तर मोठे करून फ्रेम करू."

"काढ की. कोण नको म्हणतंय?"

"पण साचा घ्यायचाच."

"घ्यायचाच."

मागच्या सीटवरून हे म्हणाले, "फोटोत नाक सपाट होतं." एवढंच म्हणाले आणि परत मांडीवरच्या प्लॅस्टरच्या पिशवीला दोन्ही हातांनी धरून बसले. पिशवी डिकीत ठेवायला ते तयारच झाले नव्हते. कंपवाताने त्यांचे हात हलत होते आणि त्यांच्याबरोबर पिशवीही हलत होती.

साचा म्हणजे काय ते मी बालवाडीतल्या मुलांना असं सांगायची: ओल्या मातीत अंगठा दाबा आणि उचला. जो खड्डा राहिला तो अंगठ्याचा साचा. त्यात मेण ओता, थंड होऊ द्या, काढा. तुमचा अंगठा परत मिळाला! मुलं टाळ्या पिटायची. मग कोणीतरी हमखास विचारायचं, "बाई, आख्खा माणूस परत मिळतो का?"

आम्हाला चेहरा परत हवा होता. आमच्या मोहनाचा.

विहंगच्या जन्माआधी आम्हाला एक मुलगी होती. सातव्या वर्षी गेली. तिचे फोटो होते, फार नाही, पण होते. आम्ही बडोद्यात समा भागात तळमजल्यावर राहायला आल्यानंतर एका पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं आणि अल्बमचा एकच लगदा झाला. पानं सोडवायला गेले तर चेहरे कागदावरून निघून बोटांना चिकटले. तेव्हापासून मोहनाचा चेहरा जगात एकाच ठिकाणी उरला होता. या जंगलात, दत्ताजीराव सरदारांच्या बागेत, एका पुतळ्याच्या खांद्यावर.

बाग जुनी, संस्थानच्या काळातली. दत्ताजीरावांच्या वडिलांनी विलायतेहून पुतळे आणवून झाडांमध्ये उभे केले होते. कोणी बासरी वाजवणारा, कोणी घडा घेतलेली, कोणी नुसतीच उभी. आसपासची माणसं बागेला पुतळावाडी म्हणत. त्यातल्या पाखरांना दाणे टाकणाऱ्या मुलीवर एकदा फांदी पडली आणि तिचं डोकं फुटलं. दत्ताजीरावांनी बडोद्याहून तरुण शिल्पकार बोलावला. हेच ते. शाळेला सुट्टी होती म्हणून मी आणि मोहनाही बरोबर आलो. ह्यांनी नवं डोकं थेट मानेवरच, सिमेंट आणि दगडाच्या भुकटीत घडवलं. समोर मॉडेल म्हणून मोहना. ती पेरू खात बसायची.

तिचा पुढचा एक दात नुकताच पडला होता. ह्यांनी ती फटसुद्धा केली.

दत्ताजीराव बघायला आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "मास्तर, आमच्या बागेत बोळकी मुलगी?"

हे काही बोलायच्या आत मोहनाच म्हणाली, "दात येणारे ना! आला की बाबा फट बुजवून देतील. तोवर असू दे."

सरदार हसले. म्हणाले, "वचन?" ती म्हणाली, "वचन." त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. दात काही आला नाही.

दरवर्षी आम्ही एकदा इथं यायचो. डबा खायचो, तिच्याजवळ बसायचो, परत जायचो. आणि काल संध्याकाळी ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. दत्ताजीरावांचे नातू उदयसिंहराव यांनी बाग विकली. तिथं रिसॉर्ट होणार. पुतळे सगळे एका व्यापाऱ्याने विकत घेतलेत, रविवारी, म्हणजे आजच, ट्रक येणार. विहंगने रात्रीच व्यापाऱ्याला फोन लावला. एक पुतळा वेगळा देता येणार नाही, म्हणाला; मुंबईच्या गिऱ्हाइकाला सगळे एकत्र हवेत.

म्हणून आज सकाळीच निघालो होतो.

*

फाटकाशी रमसुभाई राठवा उभा होता, बागेचा जुना रखवालदार. आम्हाला बघून त्याने नेहमीसारखा नमस्कार केला नाही, नुसती मान खाली घातली.

"बा, ट्रक बपोरे आवशे," तो मला म्हणाला. दुपारीच. आम्ही संध्याकाळ धरून चाललो होतो. "मुकादम छे साथे. जल्दी करो."

आत गेलो. पुतळे अर्धेअधिक आडवे केले होते आणि पेंढ्यात गुंडाळले होते. बासरीवाला उताणा पडून आभाळाकडे बासरी वाजवत होता. आणि सगळ्यांना विक्रीसाठी पांढराशुभ्र ऑइलपेंट फासलेला.

"अरे देवा," विहंग म्हणाला. "लग्नाच्या मांडवातले दिसतायत."

आमची मुलगी अजून उभी होती. कमरेला दोर बांधला होता. रंगाखाली चेहरा थोडा जाड झाला होता, पण तीच होती. दातांमधली फट होती. मी बोट घालून बघितलं. रंग तिथं पोचला नव्हता. आतलं सिमेंट खरखरीत लागलं.

"हेरंब मास्तर," मी ह्यांना म्हटलं. हे घाबरले की मी असंच म्हणते. "आता काय करायचं ते सांगा. तुमचं तोंड आणि माझे हात."

त्यांनी नीट सांगितलं. आधी चेहऱ्याला साबणाचा हात द्या म्हणजे प्लॅस्टर चिकटणार नाही. मग घमेल्यात पाणी. मग प्लॅस्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लॅस्टरमध्ये कधी ओतायचं नाही. सगळं एकदमच कालवायचं, कारण अर्धा साचा आज आणि अर्धा मग असं होत नाही. विहंगने रमसुभाईच्या झोपडीबाहेरच्या लोखंडी पिंपातून पाणी आणलं. मी पिशवी फाडली.

तेवढ्यात लांबून इंजिनाचा आवाज आल्यासारखं वाटलं. कदाचित नसेलही. पण हे दचकले.

"मीठ आहे का?"

"कशाला?"

"डब्यात असेल. काकडीबरोबर तू देतेस ना. घाल पाण्यात. मिठाने लवकर आवळतं. थंडीत आम्ही स्टुडिओत घालायचो. लवकर, नलिनी!"

मी पुडी उलटी केली, आणि पिशवीही.

मला कळायला हवं होतं. त्यांनाही. आयुष्य गेलं त्यांचं प्लॅस्टरमध्ये. थंडीत मीठ घालतात ते पाणी गार असतं म्हणून. हे पाणी उन्हातल्या लोखंडी पिंपातलं, चहासारखं तापलेलं. हात बुडवल्यावरही घाईत मला ते जाणवलं नाही. मी ढवळत होते, ढवळत होते, आणि अचानक ढवळता येईना.

"अहो, हे जड होतंय."

"घे! घे उचलून! लाव!"

मी ओंजळ भरली. ओंजळीतच त्याचे खडे झाले. हे पुढे धावले, दोन्ही हात घमेल्यात घातले आणि उकरायला लागले. घमेल्यातून वाफ येत होती. प्लॅस्टर आवळताना तापतं. मुलांना मी ते वाटीला हात लावून दाखवायची, सगळी हसायची.

"बाबा, हात काढा! भाजेल!"

विहंगने त्यांना मागे ओढलं. घमेल्यात पांढरा दगड झाला होता. त्यात ह्यांच्या बोटांचे चर. मोहनाच्या चेहऱ्यावर साबणाचं पाणी वाळत होतं.

हे शांतपणे म्हणाले, "रमसुभाई, हातोडा आहे का?"

"बाबा?"

"डोकं माझं आहे. पुतळा त्यांचा असेल. डोकं मी केलंय. मानेत एक सळई आहे, मला ठाऊक आहे कुठं आहे ते. मी काढून नेतो."

"बाबा, पोलीस केस होईल."

"होऊ दे."

रमसुभाई माझ्याकडे बघत राहिला. झोपडीच्या भिंतीशी हातोडा टेकवलेला मलाही दिसत होता. हे त्या दिशेने चालायला लागले, हात हलताहेत, पाय हलताहेत. आणि मी त्यांच्या वाटेत उभी राहिले.

"तिच्या मानेवर घाव घालणार?"

"मग काय करू?" ते ओरडले. इतक्या वर्षांत माझ्यावर असे ओरडले नव्हते. "सांग ना! सगळ्या बडोद्याला शिकवलंस, आता सांग, काय करू?"

विहंगने गाडीची किल्ली काढली. "मी हालोलला जातो. रविवार असला तरी एखादं पीओपीचं दुकान उघडं असेल. तुम्ही दोघं भांडू नका. आई, त्यांना बसव." आणि तो धावत गेला. गाडीचा धुरळा झाडांत दिसेनासा झाला.

हालोल काही जवळ नव्हतं. ते त्यालाही माहीत होतं.

*

बालवाडीत माझा एक नियम होता. एखाद्या मुलाचं काम बिघडलं आणि ते रडायला, फेकाफेक करायला लागलं की त्याला रागवायचं नाही. नुसतं म्हणायचं, "चला, हात धुवायचे." नळापर्यंत जायचं, पाणी सोडायचं, एकेक बोट धुवायचं. परत येईपर्यंत मूल वेगळं झालेलं असतं.

मी ह्यांचा दंड धरला. "चला, हात धुवायचे."

"मी लहान पोर आहे?"

"आत्ता आहात."

पुतळ्यामागे दत्ताजीरावांचं कमळाचं तळं होतं. कमळं केव्हाच गेली होती. उन्हाने तळं आटून मध्ये हिरवट डबकं उरलं होतं. मी चपला काढून आत उतरले. वरचा पापुद्रा मोडला आणि पाय घोट्यापर्यंत रुतला. काढायला गेले तर निघेना. दुसऱ्या पायाने जोर दिला, तोही रुतला.

"नलिनी, पडशील!"

मी पडले नाही. पण पाय उपसून काढला तेव्हा खाली बघतच राहिले. काळ्या मातीत माझं पाऊल उमटलं होतं. टाचेच्या भेगांसकट. एकेक भेग मोजता आली असती.

"अहो," मी म्हटलं. "माती."

त्यांनी वाकून बघितलं. चिमूट घेतली, बोटांत फिरवली, लांब वळी केली. वळी तुटली नाही. त्यांच्या तोंडाकडे मी बघत होते.

"ओली आहे फार," ते म्हणाले. "पण चिकट आहे. राख मिळेल का रमसुकडे?"

रमसुभाई चुलीतली राख घेऊन आला. मी मातीत राख कालवली, दगडावर आपटली, मळली. पोळ्यांची कणीक मळावी तशी. साबण वाळला होता, आणि मातीला साबण पुरणार नव्हता. मी डबा उघडला आणि कैरीच्या लोणच्याचं तेल बोटावर घेऊन मोहनाच्या चेहऱ्याला लावलं. कपाळ, भुवया, गाल. नाकपुड्यांत. ओठांत. तिला लोणचं फार आवडायचं, पण ते आत्ता आठवायचं नाही असं मी स्वतःला बजावलं.

"आधी खोलगट," हे म्हणाले.

"मला सांगता? आधी खड्डे, मग मैदान, मग डोंगर. मुलांना मीच शिकवायची हे."

मी लहान गोळ्या केल्या. पहिली गोळी दातांच्या फटीत दाबली. मग डोळ्यांचे कोपरे. मग नाकाच्या बाजू. एक गोळी, अंगठा, दुसरी गोळी, अंगठा. मध्ये हवा राहता कामा नये, नाहीतर तिथं चेहऱ्याला फोड येतो. घाई केली की हवा राहते. मी घाई करायची नाही असं ठरवलं, आणि तेवढ्यात रस्त्याकडून हॉर्न ऐकू आला.

ट्रकचा हॉर्न. लांब, मग परत लांब.

रमसुभाई फाटकाकडे पळाला. मी दाबत राहिले. हॉर्न जवळ येईना. एकाच जागी वाजत राहिला, जंगलभर. त्याच्यामागून माणसांचे आवाज, शिव्या. रमसुभाई धापा टाकत परत आला. त्याच्या तोंडावर त्या दिवसातलं पहिलं हसू होतं.

"विहंगभाईनी गाडी आडी पडी गई छे! रस्ता वच्चे! बॉनेट खुल्लू!"

अरुंद वाटेवर ट्रक समोर आला आणि आमच्या चिरंजीवांची मारुती बरोबर आडवी होऊन बंद पडली होती. रिफायनरीत मोठमोठे पंप दुरुस्त करणारा माणूस आपल्याच गाडीचं बॉनेट उघडून मुकादमाला विचारत होता, हे काळं कशाला असतं, आणि ती तार कुठं जाते.

"शिकलाय आईकडून," हे म्हणाले. "मुलाला वेळ लागू द्यावा."

चेहरा पुरा झाला. हनुवटीच्या खाली गेले नाही. तिथं अडकला असता. वरून दुसरा जाड थर, त्यात प्लॅस्टरसाठी आणलेला काथ्या, त्यावर तिसरा. आता माती जरा आवळायला हवी होती. ओली ओढली तर फाटणार, फार वाळली तर तडकणार. ह्यांनी हात मातीवर ठेवला. हात थरथरत होता, पण तळव्याला ओल कळते.

"थांब," ते म्हणाले. मग परत, "थांब अजून."

हॉर्न थांबला. ती शांतता मला सहन होईना. मग इंजिनाचा आवाज आला, आणि या वेळी तो वाढत गेला.

"अहो!"

"थांब."

ट्रक फाटकातून आत आला. मुकादम खाली उडी मारून ओरडतच आला. "ए बेन! शुं करो छो? माल खराब करशो! खसो, खसो!" मागे माणसं दोर घेऊन. विहंग त्यांच्यामधून घुसत होता, शर्ट ग्रीसने काळा.

"आता," हे म्हणाले.

मी दोन्ही हात मातीच्या कडांखाली घातले आणि डोळे मिटले. ओढलं नाही. मूल झोपेत असताना कडेवरून उतरवावं तसं हळूच स्वतःकडे घेतलं. काहीतरी सुटल्याचा आवाज झाला. ओलसर, लहान. आणि सगळं वजन माझ्या हातांवर आलं.

मी मागे वळले तोवर ट्रकवाल्या माणसांनी तिला दोर आवळून तिरपं केलं होतं. पांढरा चेहरा, कपाळाला काळ्या मातीचे डाग, तेलाची चकाकी. ती आडवी होताना मला तिच्या ओठांत काळं काहीतरी दिसलं. मग तिच्यावर पेंढा आला.

*

गाडीत मी मागे बसले. मांडीवर गोणपाट, त्यावर साचा, खड्डा वर. त्यावर ओला पदर. हालोलच्या दिशेने, एकेक खड्डा चुकवत.

"पदर काढ ना, बघू दे," विहंग म्हणाला. आरशातून बघत होता. "मी तिला कधी बघितलं नाहीये, आई. नीट."

मी पदर काढला. त्याने गाडी कडेला घेतली आणि वळून वाकला. मग एकदम मागे सरला.

"ही हलली!"

"काय?"

"मी इकडे सरकलो तर इकडे बघते. तिकडे गेलो तर तिकडे. माझ्याकडे बघतेय ती!"

"पोकळ चेहऱ्याचं असंच होतं," हे म्हणाले. कितीतरी पोरांना त्यांनी हे शिकवलं असेल, पण आवाज वर्गातला नव्हता. "चेहरा आत गेलेला डोळ्यांना पटतच नाही. ते तो बाहेर आणतात."

विहंगने डोळे पुसले, ग्रीस कपाळाला लागलं, आणि गाडी सुरू केली. पुढे नाल्यावरचा फुटका रस्ता आला तेव्हा म्हणाला, "ताईला सांग, खड्डा आहे. घट्ट बसायचं."

ताई हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

खड्डा बसला. मला आवाज आला नाही, हातांना कळलं. साच्याच्या कपाळाच्या कडेला केसासारखा तडा गेला होता. मी त्याच्यावर ओलं बोट फिरवलं. तडा खाली सरकला, भुवईकडे. मी दोन्ही बाजूंनी अंगठे लावले आणि कडा एकमेकींकडे दाबून धरल्या.

"विहंग, हळू."

"याहून हळू गेलो तर मागे जाईन, आई."

"बडोद्यात प्लॅस्टर मिळेल ना?"

"दांडिया बाजारात त्या मूर्तीवाल्याला घरातून उठवतो. मिळेल. तू धर फक्त."

मी धरलं होतं. अंगठे सोडले तर भुवईपासून डोळ्यापर्यंत जायला तड्याला काय वेळ लागणार?

हे माझ्याकडे झुकले. साच्यात बघण्याची हिंमत त्यांना अजून झाली नव्हती. भाजलेल्या बोटांना ओलं फडकं गुंडाळून बसले होते.

"फट आली का गं नीट?" त्यांनी विचारलं.

मी ओठांच्या जागी बघितलं. फटीत दाबलेली माझी ती पहिली गोळी साच्याबरोबर आली नव्हती. ओठांत दिसलेलं ते काळं तेच. ट्रकमध्ये, पेंढ्याखाली, ती तिच्या तोंडातच होती. आणि इथं, माझ्या मांडीवर, दातांची ओळ सलग होती.

"नाही आली," मी म्हटलं. "गोळी तिथंच राहिली. बुजली फट."

गाडी डुलत होती.

"दोन्हीकडे?" त्यांनी विचारलं.

"दोन्हीकडे."

त्यांनी फडकं गुंडाळलेला हात पुढे केला आणि माझ्या उजव्या अंगठ्याच्या वर ठेवला. तो हलत होता, म्हणून मी म्हटलं, "नको, अहो. तडा जाईल." त्यांनी हात उचलला आणि माझ्या मनगटावर ठेवला. तिथं तो हलला तरी चालत होतं.

विहंगने विचारलं, "अजून आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. अंगठ्यांना रग लागली होती. बडोदं अजून लांब होतं.